कोमल स्वराखालची रेघ

११ जुलै
स्वरलिपीचं पुस्तक टाइप करून काल संपवलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर. एकही चिन्ह सुटू दिलं नाही. छायाला दिसत नाही, म्हणून आज सकाळी तिने ते फोनवर वाचायला लावलं. फोनमधली बाई भैरव वाचू लागली: सा रे ग म प ध नी. रेघ नाही, टिंब नाही. नुसती अक्षरं. छा.ने अर्धं पान शांतपणे ऐकून घेतलं.
"बाबा, ह्या बाईच्या कानाले सगळेच राग बिलावल हायेत."
बिलावलात सगळे स्वर शुद्ध, रेघ कुठेच नाही. सौ. हसली. मला हसू आलं नाही. नऊ आठवडे गेले.

१२ जुलै
चिडून उपयोग नाही. छा.ची संगीताची लेखी परीक्षा १६ नोव्हेंबरला, केंद्र वाशीम. प्रात्यक्षिक तिने मागच्या खेपेलाच काढलं. तिथल्या निवासी शाळेने संगीतशिक्षिकेची जागा निकालापर्यंत तिच्यासाठी धरून ठेवली आहे, पुढे नाही. तिला सत्तावीस पूर्ण. शाळेच्या आवारात शिक्षकांना खोली मिळते. त्या खोलीबद्दल ती एकदाच बोलली, पण बोलली.

२० जुलै
नवा उपाय: चिन्हाऐवजी शब्दच टाइप करायचा. कोमल रे म्हणजे 'को रे'. भैरवी लावली तर दर दुसऱ्या अक्षराला को, को. सौ. स्वयंपाकघरातून, "घरात कोंबडी कोनं आनली?"
छा. म्हणते की कळतं सगळं, पण चालीचा जीव जातो. शिवाय पेटी वाजवायची की बाईला ऐकायचं? दोघी एकदम बोलतात.
तरी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली आहे. रोज चार पानं.

३ ऑगस्ट
जीपने कामरगाव. वसंतराव गुरुजी जन्मापासून आंधळे, साठ वर्षं पेटी वाजवतात. छा.ने ब्रेलमध्ये उतरवलेला भैरव सोबत नेला होता. पानावरून बोटं फिरवून एक ओळ वाचायची, मग ती वाजवायची, मग पुन्हा कागद शोधायचा. गुरुजींनी तीन ओळी सहन केल्या.
"डावा हात भात्यावर, उजवा सुरावर. वाचाले तिसरा हात आनला का, पोरी?"
त्यांनी सगळं मार खाऊन पाठ केलं, कागदाचं काम कधी पडलं नाही. छा. म्हणाली, परीक्षेत नुसतं पाठ असून भागत नाही, डोळसांच्या कागदावर उतरवावं लागतं.  

२९ ऑगस्ट
वाशीम. परीक्षाकेंद्रावर लेखनिकाची चौकशी. लेखनिक मिळेल, पण तो नात्यातला नको आणि संगीत शिकलेला नको. मी म्हटलं, बापाची एवढी अट सोडा, मला संगीतातलं काही कळत नाही. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी सहज विचारलं, कोमल धैवत कसा लिहितात हो?
"खाली आडवी रेघ," मी म्हणालो.
"झालं मंग. तुमी तं शिकलेलेच निघाले."
मार्चपर्यंत मला धैवत म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. नियम बरोबर आहे. बस चुकली.

५ सप्टेंबर
लेखनिक मिळेपर्यंत सराव माझ्या हाताने. अट अशी की मला काहीच येत नाही. छा.ने प्रत्येक चिन्ह तोंडाने सांगायचं, तेवढंच मी लिहायचं. भैरवच्या तिसऱ्या ओळीत ती थांबली.
"बाबा, ह्या ध ले मी रेघ सांगतली नवती. तुमी मारली."
कसं कळलं?
"तुमचा पेन खरडते. अक्षराचा आवाज वेगळा, रेघेचा वेगळा."
पाहिलं तर रेघ होती. सांगायला ती विसरली आणि माझ्या हाताने तिची चूक झाकली. मी म्हटलं, ओळ तर बरोबर आली ना. त्यावर ती उखडली.
"तिथं तुमी नसान. माहा चुकलेला ध तसाच राहीन."
मीही आवाज चढवला. तीस वर्षं वर्तमानपत्रात प्रूफं तपासताना लोकांच्या मजकुरातल्या चुका गुपचूप दुरुस्त केल्या, कुणी तक्रार केली नाही. 

२१ सप्टेंबर
लेखनिक म्हणून शाहीन मिळाली. गल्लीतली लेडीज टेलर, बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. "काका, मले सा बी येत नाही, रे बी येत नाही. तुमाले पायजे तशीच मी आहो." कापडावर खडूने खूण करावी तशी सरळ रेघ मारते. तिला माझाच खरडणारा बॉलपेन दिला. छा. रेघेचा आवाज ऐकते आणि पुढे सरकते, 'मारली का' विचारावं लागत नाही. स्वतः एखादं चिन्ह सांगायचं विसरली तर तेही तिला त्यावरूनच कळतं.

१२ ऑक्टोबर
पेपर तीन तासांचा, लेखनिक घेणाऱ्याला वर एक तास. आज चार तास वीस मिनिटं लागली. मी घड्याळ घेऊन बसतो ते दोघींना आवडत नाही. शाहीन म्हणाली, "ईदचे कपडे बी मी एवढ्या घाईनं नाई शिवत." उद्यापासून मला बाहेर बसायचं आहे.

२ नोव्हेंबर
तीन तास पन्नास. पहिल्यांदाच पूर्ण पेपर वेळेत. एकही रेघ सुटली नाही. सौ.ने शाहीनला जेवूनच जाऊ दिलं.

१६ नोव्हेंबर
वाशीम. चार तास व्हरांड्यात. दोघी बाहेर आल्या. शाहीन खुशीत, सगळं लिहिलं म्हणाली.  बसमध्ये शाहीन पुढे बसली तेव्हा छा. हळूच म्हणाली, "शाहीनदीदीनं आज नवा पेन आनला होता."
शाहीनने परीक्षेसाठी म्हणून मुद्दाम भारीतला जेल पेन घेतला होता. मी तो मागून घेतला, तळहातावर ओढून पाहिला. लोण्यासारखा चालतो.
"पह्यल्या ओळीपासून काहीच आयकू आलं नाही. दर वेळी इचारलं असतं तं पेपर राहून गेला असता."
शाहीनला ऐकू गेलं असावं. मागे वळून म्हणाली, तू बोलली तितक्या सगळ्या रेघा मारल्या, अल्लाची शपथ.
"तू मारल्याच असशीन, दीदी. मी सगळ्या बोलली का, तेच मले आठवत नाही."
आमचं कारंजा येईपर्यंत शाहीन पेन मुठीत धरून बसली होती.

३० नोव्हेंबर
निकाल फेब्रुवारीत. शाळेचा दोनदा फोन येऊन गेला.
शाहीनने तो पेन इथेच ठेवला आहे, परत नेत नाही. आज त्याच पेनाने मी भैरव लिहून पाहिला, कान कागदाजवळ नेऊन. काही नाही. छा.ने पलीकडे पेटी थांबवली.
"काय करून राह्यले, बाबा? येते का आयकू?"
नाही म्हणालो.
"रेघा मारल्या ना पन?"
खाली पाहिलं. रे आणि ध, सगळ्यांना होत्या. मला कुणी सांगितल्या नव्हत्या.