अंधार झाला, नाही का?

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

काडेपेटी काढून घेतली! बोटीवर चढायच्या आधी सामान यंत्रातून जातं. तिथल्या पोरीने माझ्या पर्समधून ती बरोबर हुडकली. "मॅडम, आग लागू शकते." चाळीस वर्षं ह्या पर्समध्ये काडेपेटी आहे, अजून पर्ससुद्धा जळलेली नाही! मग शरबताची बाटली. झाकण उघडून वास घेतला. दारू आहे का? अगं, मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं पाणी ते, आम्हा ज्यूंच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला लागतं. ते मात्र सोडलं. सॅम मागे उभा राहून हसत होता. ह्या माणसाला पंचेचाळीस वर्षांत माझी बाजू घ्यायची वेळ कधी सापडली नाही.

पंचेचाळीस, म्हणूनच ही बोट. लग्नाच्या वाढदिवसाची भेट, एयालकडून. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. लेक इस्रायलहून मुद्दाम आला, नातीला — केरेनला — घेऊन. पण मी त्याची आई आहे. त्याच्या बॅगेतली निळी फाइल मी पहिल्याच दिवशी बघितली. आम्ही दोघांनी पनवेल सोडून कायमचं त्याच्याकडे जायचं, त्याचे फॉर्म आहेत. काल म्हणाला, "बोटीवरून उतरेपर्यंत ठरवा, मम्मी. सह्या घेऊनच मी परत जाणार." सॅमचं ठरल्यातच जमा आहे. गुडघे, नातवंडं, आणि इथे प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर दर आठवड्याला फोनाफोनी. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

सकाळी टॅक्सी आली तेव्हा शेजारची कृष्णाबाई रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी कुलूप लावत होते, सॅम तिच्याशी काहीतरी बोलत होता. वळून बघते तर ही पदराने डोळे पुसतेय! म्हटलं, अगं, सोमवारी परत येतोय. तरी ती गाडी वळेपर्यंत तिथेच उभी होती.

जेवणानंतर —

सूप आलं आणि दिवे गेले! सगळा हॉल काळाकुट्ट. शेकडो माणसं एकदम "होऽऽ" करून ओरडली. लहानपणी आम्ही आळीत ओरडायचो तशीच. केरेनचा हात लागून सूप माझ्या साडीवर. वीसेक मिनिटांनी उजेड आला. कप्तान इंग्रजीत म्हणाला, किरकोळ तांत्रिक अडचण. सॅम म्हणे, "पैसे भरून लोडशेडिंग बघायला आलो."

शुक्रवार, ९ जानेवारी

पहाटे पुन्हा गेले. संडासाला पाणी सुटेना. जहाजभर सगळी माणसं तोंड न धुता फिरत होती. एयाल आमच्यासाठी डोसे घेऊन येताना लिफ्टमध्ये अडकला. अर्धा तास. बाहेर आला तेव्हा ताटल्या रिकाम्या! म्हणे आत दोन म्हातारे होते, त्यांना भूक लागली होती. हा गुण त्याच्या बापाचा. फ्रीज बंद पडले म्हणून आइस्क्रीम वितळायच्या आत फुकट वाटलं. सॅमने तीन कप खाल्ले. साखरेचं नाव काढलं तर म्हणाला, "किरकोळ तांत्रिक अडचण."

दुपारी एयालने मला पिशवीतून एक डबी काढून दिली. टायमर. भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा, दिवा त्याला जोडायचा, वेळ लावून ठेवायची. दिवा आपोआप लागतो, आपोआप जातो. "तिकडे घराघरात असतो, मम्मी. शब्बाथला कुणाची गरजच लागत नाही."

कुणाची म्हणजे कृष्णाबाईची. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आम्ही दिवा पेटवत नाही, बटण दाबत नाही, लिहीतही नाही. आणि दुसऱ्याला "लाव" असं सांगायचंही नाही. एकतीस वर्षं झाली, दर शनिवारी संध्याकाळी कृष्णाबाई येते, उंबऱ्यात उभी राहते. मी म्हणायचं, "कृष्णाबाई, अंधार झाला, नाही का?" तिने म्हणायचं, "झाला बाय, लईच झाला." आणि बटण दाबायचं. मग ती तासभर बसते. सुनेच्या तक्रारी सांगते, खोबऱ्याच्या वड्या खाते. मुलगा जगन तिला कोन गावच्या नव्या टॉवरमध्ये ने-ने करतोय, घर बिल्डरला द्यायचं म्हणतोय. ती दाद देत नाही. एयालला हे सगळं ठाऊक आहे. लहानपणी त्याला तिनेच सांभाळलं.

मी टायमर घेतला. छान आहे म्हटलं.

बोटीवर बाहेरचं यंत्र लावायचं तर तपासून घ्यावं लागतं. म्हणून बोटीचा इलेक्ट्रिशियन आला. पन्नाशीचा, आनंदा नावाचा. टायमर उलटसुलट बघितला, कशाला लागतो विचारलं. शनिवारचं सांगितल्यावर माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी शनवार तेली काय?" किती वर्षांनी ऐकला हा शब्द! आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने पाडलेलं नाव. आमच्यातल्या काहींना आवडत नाही. मला आज फार बरं वाटलं. तो आमच्या पनवेलजवळच्या जासईचा निघाला. "आमची आजी मीठ घेऊन पनवेलला यायची. तुमच्यावालांच्या आलीतच इकायची." दोन हजार माणसांच्या ह्या बोटीवर आम्ही कोण ते कळणारा एक माणूस भेटला.

त्याने टायमर पास केला. एयालने टेबलावरच्या दिव्याला जोडला. दाराजवळ एक खाच आहे, तिच्यात कार्ड असेल तरच खोलीत वीज. कार्ड काढलं की सगळं बंद. आमची आतली खोली, खिडकीही नाही. एयालने बापाला दोनदा बजावलं, "पप्पा, ह्या कार्डाला उद्या रात्रीपर्यंत हात लावू नका."

वाती आणल्या होत्या, खोबरेल आणलं होतं, काचेचा पेला आणला होता. काडेपेटी नाही! केरेनने बॅटरीच्या दोन मेणबत्त्या पुढे केल्या. "आजी, हे पण दिवा." तिचं मराठी असं तुटकं, पण बोलते. पोर गोड आहे. सूर्य खाली चाललाय, आता वही मिट

रविवार, ११ जानेवारी

वाक्य तसंच राहिलं. राहू दे.

दोन दिवसांचं एकदम लिहिते. शुक्रवारी प्रार्थना झाली, शरबत प्यालो, जेवायला बसलो आणि दिवे गेले. ह्या वेळी नुसते दिवे नाहीत, बोटच थांबली. इंजिनाचा आवाज बंद झाल्यावर कळलं की तो आवाज होता. भोंगा वाजला, सगळ्यांनी वर डेकवर यावं. सॅमने घाईत चप्पल शोधली, माझा हात धरला आणि जाता जाता, पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने, घरातून निघताना मेन स्विच बंद करतात तसं — कार्ड काढून खिशात टाकलं!

वर तीन तास उभे होतो. भीती वाटली. खोटं कशाला लिहू? चारी बाजूंना काळं पाणी, लहान पोरं रडत होती. मी केरेनला जवळ घेतलं. एयालने आम्हा सगळ्यांभोवती हात टाकला. वाटलं, हा सोबत असेल तिथे जावं आणि गप्प राहावं. अगदी हो म्हणणार होते.

मग दिवे आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिने उतरून खोलीपाशी आलो. बाहेरच्या बोळात लखलखाट. दार कार्डावरच उघडतं, म्हणून निघताना मी त्यात चप्पल अडकवून ठेवली होती. आत मिट्ट काळोख. एसी बंद, टायमर बंद. सॅमने खिशातून कार्ड काढलं आणि ते बघून त्याचा चेहरा असा झाला! "घालू परत?" मी त्याचा हात धरला. एयाल म्हणाला, "द्या, मी घालतो." म्हटलं, का रे, तुला शब्बाथ नाही? त्याने हात मागे घेतला. मेणबत्त्यांच्या बॅटऱ्या पहाटेपर्यंत पुरल्या. दारातून चपलेएवढी उजेडाची पट्टी येत होती, तेवढंच.

शनिवारी सकाळ झाली हे नाश्त्याच्या वासावरून कळलं. सॅमची गोळी सापडत नव्हती. उकडत होतं. मी पलंगाच्या कडेवर बसले होते. तेवढ्यात दार ढकलून आनंदा आत डोकावला. रात्रीच्या घोळानंतर एकेक खोली तपासत चालला होता. म्हणाला, "काय वो बाय, असं काय बसलाव?"

माझ्या तोंडून आपोआप आलं, "आनंदा, अंधार झाला, नाही का?"

त्याने अंधाऱ्या खोलीकडे बघितलं. मग हसला. "आजी सांगायची. शनवार तेली दिवा लाव म्हनत नाय, नुसतं अंधार हाय म्हनतात." टेबलावरचं कार्ड त्याने उचललं आणि खाचेत घातलं. सगळी खोली उजळली. गोळी सॅमच्याच उशीखाली! मी घरून आणलेली वडी दिली ती खाल्ली त्याने, कामं पडली होती तरी पाच मिनिटं उभ्याने बोलला, आणि गेला.

मी रडले. सॅमला वाटलं, रात्रीच्या भीतीने. भीतीने नाही. मला एकतीस वर्षं वाटत होतं की कृष्णाबाई दिवा लावायला येते.

आज सकाळी डेकवर एयालला सांगून टाकलं. मी येणार नाही. तू वर्षातून एकदा ये, मी दोनदा येईन, पण राहणार पनवेललाच. चिडला. "एका रात्री टायमर बंद पडला म्हणून तू देश ठरवणार? आणि चूक टायमरची नव्हती, पप्पांची होती!" म्हटलं, टायमर चांगला आहे रे. पण तिकडे अंधार झाल्यावर माझ्या उंबऱ्यात कोण उभं राहणार, ह्याची मला भीती वाटते. मग म्हणाला, "कृष्णामावशी सत्तर वर्षांची आहे, मम्मी." एवढंच. लहानपणी रुसायचा तसाच दिसत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

सॅमला सांगितलं, तेव्हा वाटलं होतं भांडेल. तो म्हणाला, "तू नाही तर मी कुठे जाणार?" आणि लगेच, "कृष्णाबाईला फोन कर. आत्ताच कर." एवढी काय घाई? म्हणे, "काही नाही, सहज." लावला फोन. शुक्रवार रात्रीपासून बोटीवरचं नेटवर्कच बंद आहे. हा दिवसभर फोन हातात घेऊन डेकवर फिरतोय.

सोमवार, १२ जानेवारी

बोट सहा तास उशिरा. काडेपेटी परत दिली नाही! मी विचारलं. पोरगी वेगळी होती, तिला माहीतच नव्हतं.

आनंदा उतरायच्या जिन्यापाशी भेटला. त्याला राहिलेल्या सगळ्या वड्या दिल्या. "जासईला या बाय." येईन म्हटलं.

मंगळवार, १३ जानेवारी

घरी. कृष्णाबाईच्या दाराला कुलूप. समोरच्यांनी सांगितलं, जगन रविवारी येऊन कोनला घेऊन गेला. गेली असेल चार दिवस. फोन लावला, तिचा बंद आहे. तिच्यासाठी शंखांची माळ आणलीय.

बुधवार, १४ जानेवारी

एयाल आणि केरेन गेले. निळी फाइल न उघडता बॅगेत ठेवली त्याने. विमानतळावर मला घट्ट धरलं. टायमर मात्र मुद्दाम माझ्याकडेच ठेवून गेला. केरेन म्हणाली, "आजी, मी येते परत. दिवा लावते." अगं, तूही आमच्यातलीच, तू कशी लावणार! हसू आणि रडू एकदमच आलं.

सॅम जेवत नाही नीट.

शुक्रवार, १६ जानेवारी

चार वाजता कृष्णाबाई आली. आम्हाला दारात बघून मटकन खालीच बसली. "तुमी हायसा? गेलाव नाय?" म्हटलं, कुठे जाणार? मी नाही म्हटलं एयालला. तुझ्यासाठी नाही म्हटलं!

तिने कपाळावर हात मारला. "रूबीबाय, सॅमदादा तर बोललं, आता कायमचं जानार आमी. टॅक्सीपाशी बोललं. चार वर्सं जगन्याला नाय-नाय करत होते. तुमी नाय तर मी कुनासाठी थांबू? दोन दिस फोन लावला, लागला नाय. सोमवारी बिल्डरच्या कागदावर सई केली मी." सामान न्यायला आली होती. खाली टेम्पो उभा आहे.

सॅम आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलाय. मी कृष्णाबाईच्या गळ्यात माळ घातली. दोघी मिळून तिची भांडी बांधली. जाताना सवयीने उंबऱ्यात थांबली, पण उजेड होता अजून.

पाऊण तास राहिलाय सूर्य मावळायला. टायमर बॅगेतून काढला. सॅमला हाक मारली — म्हटलं, उठ, हा लावतात कसा ते दाखव.