आधी दोन्ही उतारे वाचा

मी, खाली सही करणारी, निवृत्त भाषाशिक्षिका, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा थरथरतो पण तो माझाच आहे, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. डोक्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आज कोणता वार ते विचारले, मी सांगितले. मग मी त्यांची मागची आणि आताची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून विचारले, की एकच गोळी दोन नावांनी का लिहिली आहे. पुढचे प्रश्न न विचारताच त्यांनी सही केली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर तेही शेजारी ठेवून वाचले असते.

कलम १. उड्या मारायच्या दोन लांब दोऱ्या, एक लाल, एक निळी, माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंना द्याव्यात. मुलांना मी दोन छोटे उतारे वाचायला द्यायचे, बाके भिंतीला सरकवायचे आणि दोऱ्यांची दोन वर्तुळे जमिनीवर एकमेकांत अडकवून ठेवायचे. एकाच उताऱ्यात सापडलेली गोष्ट त्याच्या वर्तुळात, दोन्हीत सापडलेली मधल्या जागेत. ज्याला सापडली त्याने तिथे जाऊन उभे राहायचे आणि उताऱ्यातली ओळ वाचून दाखवायची. ओळ दाखवता आली नाही तर दोरीबाहेर.

नव्या बाईंनी उतारे निवडताना ते अगदी जुळे नसावेत आणि अगदी परकेही नसावेत, एवढे बघावे. तपासणीच्या दिवशी घाईघाईत माझ्या हाताला एक परीकथा आणि बसचे वेळापत्रक लागले होते. मधली जागा बराच वेळ ओस पडली होती. शेवटी एक मुलगी तिथे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दोन्हीत जे लिहिलंय ते प्रत्यक्षात होत नाही." मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. ती आता वकील आहे आणि हे मृत्युपत्र तीच तपासते आहे.

कलम २. स्वयंपाकघरातला वजनकाटा आमच्या जुन्या मुख्याध्यापकांना द्यावा. ते दर वेळी वर्गाच्या दारात उभे राहून विचारायचे, "ते सगळं ठीक आहे हो बाई, पण दोन्हीतला चांगला कोणता?" दोन्ही उतारे वाचून होईपर्यंत 'चांगला' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा माझ्या वर्गाचा नियम त्यांच्या गळी कधी उतरला नाही. त्यांनी काट्यावर कांदे ठेवावेत, बटाटे ठेवावेत. उत्तर लगेच मिळेल.

कलम ३. कपाटाचा मोठा आरसा माझ्या नणंदेला. आल्या आल्या तिने माझ्या दोन्ही मुलांना पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि उंचीपासून अक्षरापर्यंत कोण सरस ते सांगायचे, असे कित्येक वर्षे चालले. आता मुले मोठी झाली, तिला कोणी मिळत नाही. आरशात तिला निदान एक माणूस तरी मिळेल.

कलम ४. बँकेत जे असेल ते मुलाला आणि मुलीला निम्मेनिम्मे. यावरून त्यांचे भांडण नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम ५. घर. हे वकीलबाईंनी सावकाश वाचावे.

आमचे हे शेवटच्या आजारात पुढच्या खोलीत झोपून असत. थोरला सांगतो: सकाळी मी उशी नीट केली, बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "हे घर तुझंच आहे, सांभाळ." धाकटी सांगते: संध्याकाळी मी त्यांना सूप पाजलं, बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "हे घर तुझंच आहे, सांभाळ." हे गेल्यावर दोघांनी एकमेकांना खोटे ठरवले आणि बोलणे टाकले. आता एका रविवारी तो येतो, दुसऱ्या रविवारी ती, आणि दोघेही दारातूनच विचारतात, "ते माणूस आत नाही ना?"

माझ्या चौथीतल्या मुलांनीही हे उतारे सोडवले असते. फरक: वेळ, उशी, सूप. साम्य: हात धरला, शब्द तेच, आणि त्याआधी कोणीतरी त्यांना बरे वाटेल असे काहीतरी केले होते. तिसरा उताराही आहे. यांची दाढी करायला येणारे न्हावी मला जिन्यात गाठून, चेहरा पाडून म्हणाले, "बाई, साहेबांनी मला घर दिलंय. पण मला नको हो, मला माझंच आवरत नाही." शिवाय घर पहिल्यापासून माझ्या नावावर आहे. जे यांचे नव्हतेच ते यांनी तीन जणांना देऊन टाकले.

पण हे खोटे बोलत नव्हते. अंथरुणावरून माणूस दुसरे काय देणार? 'घर तुझंच' ही त्यांची आभार मानायची तऱ्हा होती, आणि ती दोघांच्याही वाट्याला आली. मी हे दोघांना समजावून सांगितले. तो म्हणाला, "तू तिचीच बाजू घेतेस." ती म्हणाली, "तू त्याचीच बाजू घेतेस." इथेही फरक शोधायला जागा नाही.

म्हणून घर दोघांचे, वाटणी न करता. अट एकच. मुलाने मुलीची हकीकत सांगायची आणि मुलीने मुलाची, समोरचा "हो, असंच झालं" म्हणेपर्यंत. मध्येच 'पण' म्हटले तर पुन्हा पहिल्यापासून.

वकीलबाई इथे अडल्या. म्हणाल्या, "बाई, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. हे कलम तुम्हाला बघायला मिळणार नाही."

ते मला चालणार नाही. दोघे एका खोलीत बसलेले मला बघायचे आहेत, त्यासाठीच हे सगळे लिहिले. तेव्हा बाकीची कलमे मी गेल्यावर अमलात आणावीत आणि पाचव्याची एकेक प्रत आजच दोघांना पाठवावी. येत्या रविवारी दोघांनी एकाच वेळी यावे. मी घरी आहे.

सही : निवृत्त भाषाशिक्षिका, दोघांची आई

साक्षीदार :
१. डॉक्टर (अक्षर लागत नाही, पण सही त्यांचीच)
२. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई (सगळे वाचून, चष्मा पुसून सही केली)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ जून २०२५