बागेतला पळस

२ मार्च, सोमवार

आज आईला बागेत नेलं. चिचगडहून माझ्याकडे गोंदियाला राहायला आल्यापासून ती दर वर्षी तिथला पळस बघते. काचबिंदूने नजर अधू झालीय, पण विचारलं की म्हणते, "दिसते ना मले."

जाऊन बघते तर पळस कापलेला. उरलाय नुसता बुंधा. तिला कसं सांगू? नेहमीच्या बाकावर बसवलं, तर तिनेच त्या बुंध्याकडे बोट केलं. "पाय बाई, कसा लालभडक फुलून राह्यला!"

मी "हो" म्हटलं. का म्हटलं?

तो बुंधा डोळ्यांसमोरून जात नाही. तिला किती दिवसांपासून काहीच दिसत नाही? शेजारच्या खोलीत ती भिंत चाचपत चाललीय. विचारायची हिंमत होत नाही.