मधली फळी

ता. ३१ जाने. १९७५, शुक्र.
लूमना सुट्टी. गल्लीत मागांचा आवाज नाही, म्हणून लवकर जाग आली. वहिनी हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी टेमघरला माहेरी गेल्या. चार दिवस म्हणून. पंधरवडा उलटला. दादा कारण सांगत नाही. बाबा म्हणतात, "येईल."
घर बघवत नाही. स्टोव्हखाली रॉकेल, मोरीत कालची भांडी, आणि सगळ्यावर लूमची रुई. दूध दोनदा उतू गेलं. आता मीच लावायचं ठरवलं. आई असताना होतं तसं.

ता. २ फेब्रु., रवि.
ड्युटीला जाण्याआधी केर, पाणी, अंथरुणं. रुई ओल्या फडक्यानं निघते, कोरड्यानं नुसती उडते आणि परत बसते. चपला दाराच्या उजवीकडे ठेवायच्या असं दादाला सांगितलं.
"तू कुणाची सासू होणार रे?"
तरी ठेवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे.

ता. ४, मंगळ.
भात करपला नाही. दादा जेवता जेवता हळूच म्हणाला, "ती येत नसेल तर मी तिकडेच कुठं खोली बघतो. बाबांना बोलू नकोस." म्हणजे इथे बाबा आणि मी.
झोप नीट नाही.

ता. ७, शुक्र.
सुट्टी. मांडणी काढली. तिन्ही फळ्यांवरची सगळी भांडी ओट्यावर आणून चिंच लावून घासली. शेजारच्या जुबेदाखाला बघत उभ्या. "अरे बेटा, घर जमा रहा है कि थान लपेट रहा है?" कारखान्यात मी कापडाच्या ताग्यांच्या घडीला आहे, त्यावरून.
लावताना बाबा खाटेवरून सांगत होते. "तो गडू डावीकडं. तुझी आई असा ठेवायची." शेवटी बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "आता घर दिसतंय."
बरं वाटलं. उद्या टेमघरला जाऊन सांगायचं.

ता. ८, शनि.
ड्युटी सुटल्यावर टेमघर. वहिनींची आई दारात. "ये रं बाला. मंदा मागं पडवीन हाय. चा घे मंग."
वहिनी वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, सगळं लावलंय, मांडणीसुद्धा, तुम्हाला आल्यावर काही करावं लागणार नाही.
"कशी लावली?"
"होती तशी."
हसल्या. "होती तशी. बरं." मग म्हणाल्या, "भाऊजी, माझी परात कुठाय, सांगा बघू."
मी तिन्ही फळ्या डोळ्यांसमोर आणल्या, परात दिसेना.
"हळदीकुंकवाला तिळगूळ तिच्यात ठेवणार होते. माझ्या लग्नातली. मामंजी म्हणाले, आपली आहे की वर, ती काढ. गुंडाळलेली ती गुंडाळलेलीच राहू दे. चार बायकांसमोर."
"एवढ्यावरून?" माझ्या तोंडून गेलं.
"दोन वर्षं झाली, भाऊजी. एवढ्यावरूनच."
शेंगा सोलायचं थांबल्या नाहीत. चहा गोड होता, संपवला.

ता. ९, रवि.
परात सापडली. दादाच्या खाटेखाली, गोणपाटात. परात, सहा वाट्या, दोन डबे, तांब्या. सगळ्यांवर नाव घातलेलं, 'मंदाकीनी'. कोरणाऱ्यानं दीर्घ केलंय.
मग मांडणीवरची नावं वाचली. भागीरथी, भागीरथी, भागीरथी. खालपासून वरपर्यंत आईच. परवा एकेक हातात घेऊन घासलं होतं. कापडात तुटलेला धागा मला हातभरावरून दिसतो.

ता. १०, सोम.
बाबा बाहेर गेले असताना मधल्या फळीवरची आईची भांडी माळ्यावर ठेवली, तिथे वहिनींची परात आणि वाट्या.
संध्याकाळी बाबा: "हे कुणी हलवलं?"
"मी."
"तिला माळ्यावर चढवलीस? आईला?"
 रात्री जेवले नाहीत.

ता. ११, मंगळ.
उठलो तर फळी पहिल्यासारखी. परात परत गोणपाटात, खाटेखाली. या वयात माळ्यावर कसे चढले कोण जाणे.

ता. १२, बुध.
बाबांना सांगितलं. दादा खोली बघतोय.
त्यांनी चहा मागितला. दिला. पिताना म्हणाले, "तिकडं?"
"हो."
दादाचा शब्द मोडला. त्याला अजून सांगितलेलं नाही.

ता. १४, शुक्र.
सुट्टी. दादा सकाळी दाढी करून टेमघरला गेला.  चपला जोडीनं उजवीकडे होत्या, त्या घालून गेला.
तो गेल्यावर बाबा म्हणाले, "स्टूल धर."
स्वतः चढून त्यांनी मधल्या फळीवरचं एकेक भांडं काढलं. कोऱ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आईच्या ट्रंकेत. गुंडाळणं वाकडंतिकडं. मी हात घातला नाही. फक्त तो गडू बाबांनी बाहेर ठेवला. "यातनं मी पाणी पितो." तो वरच्या फळीवर, डावीकडे.
मी गोणपाट सोडून वाट्या मोठ्यापासून लहान अशा लावायला घेतल्या. दोन लावून झाल्या.
"तू नको. तिची तिला लावू दे."
काढल्या. गोणपाट मांडणीखाली भिंतीला टेकवून ठेवलं, तोंड उघडं.
जेवणं झाली. दादा आलेला नाही. खाला जाता जाता आत डोकावल्या. "आ गई बहू?" नाही म्हटलं. रिकाम्या फळीकडे बघितलं आणि गेल्या.
बाबा दाराकडे तोंड करून बसलेत. आज लूम बंद, रुई उडत नाही. तरी फळी एकदा पुसली. आता पुन्हा पुसतो.