बारावीनंतरची बारावी

सेंट-ऑबिन मिल्स, मेन
१६ एप्रिल

तीर्थरूप क्लोतिल्ड आत्यांस,
तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा, म्हणजे रेमीचा, लांबूनच वाकून नमस्कार.

तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (चर्चबाहेर मिसेस बूशार भेटतात, त्यांच्याकडून गुडघ्याची खबर दर रविवारी मिळते. गेल्या रविवारी त्या उजवा म्हणाल्या, त्यामुळे आम्ही थोडे गोंधळलो आहोत. दोन्ही दुखत असतील तर दोन्हींची चौकशी समजावी.) मांजर बरं आहे ना? आमच्याकडे सगळं ठीक. बाबा अजून रिंकवरचं बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतात आणि अजून त्या यंत्राशी भांडतात. फोन करणार होतो, पण आमचा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बारा मैलांवर राहून सहा वर्षं भावाशी न बोलणं हे सोपं काम नव्हे, आणि तुम्ही ते ज्या नेटाने करता त्याचं गावात कौतुकच आहे.

तर पत्रास कारण की मला तुमचा सल्ला हवा आहे. तुम्ही चौतीस वर्षं गणित शिकवलं आहे, म्हणजे शाळा या प्रकाराची तुम्हाला माझ्याहून जास्त माहिती. मी जूनमध्ये बारावी पास होतो आहे. (हे वाक्य कृपया मिसेस बूशारना मोठ्याने वाचून दाखवा.) पास झाल्यावर खाली मॅसॅच्युसेट्समध्ये थॉर्नविक हिल नावाची एक निवासी शाळा आहे, ती मला आणखी एक वर्ष शाळेत बसवायला तयार आहे. त्या वर्षाला ते पदव्युत्तर वर्ष म्हणतात. पदवी कोणाकडेच नसते, पण टाय सगळ्यांकडे असतो. कल्पना अशी की मी तिथे वर्षभर गोलकीपर म्हणून चांगल्या संघात खेळायचं, गणित आणि इंग्रजी सुधारायचं आणि मग विद्यापीठाच्या बर्फावरच्या हॉकीच्या प्रशिक्षकांनी मला पुन्हा एकदा बघायचं. यंदा त्यांनी बघितलं तेव्हा म्हणाले, "पोरगा गोलात येणारा पक अडवतो छान, पण अपूर्णांकही अडवतो." फी माफ आहे, त्यामुळे परवडत नाही हा बहाणा हातचा गेला. पंचवीस तारखेच्या आत हो की नाही ते टपालाने कळवायचं आहे.

गावाला हे समजावणं मात्र अवघड जातंय. गेल्या शनिवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं. तिथे बाबांनी उभं राहून अभिमानाने जाहीर केलं की रेमीला आणखी एक वर्ष शाळेत बोलावलंय. मिसेस बूशारनी मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. म्हातारे लिओकाका पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लाजू नकोस रे पोरा. मी आठवीत तीन वर्षं काढली, माझं काय वाकडं झालं?" मी म्हटलं, काका, मी नापास झालेलो नाही. ते म्हणाले, "शाबास. कोणी विचारलं तर असंच सांगायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात भाजलेल्या मॅकरोनीची तीन झाकलेली भांडी होती. आपल्या गावात एका घरी तीन भांडी कधी येतात ते तुम्हाला माहीत आहे. शेवटची आली होती ती आई गेली तेव्हा.

पण शाळेने मला घेतलं कसं, ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात तुमचाही थोडा संबंध आहे. (तो पुढे येईल, मधली पानं वगळू नका.) मार्चच्या शेवटी आम्हाला शाळा बघायला बोलावलं होतं. आता हॉकीचे बाद फेरीचे सामने सुरू झाले की हरेपर्यंत कोणी दाढी करत नाही, हा आमच्या संघाचा नियम. नेमका याच वर्षी आमचा संघ हरायचं नाव घेईना. शेवटी अंतिम सामन्यात हरलो, पण तोवर मला दाढीची सवय झाली होती आणि मी जाहीर केलं होतं की या शाळेचा निकाल लागेपर्यंत ती ठेवणार. बाबा म्हणत होते की मी लाकूडतोड्यांच्या तळावरून पळून आलेला दिसतो. शाळेचा नियम होता, उमेदवाराने कोट आणि टाय घालून यावं. आमच्या घरात कोट एकच, बाबांचा लग्नातला. तो मी घातला. (बाह्या कोपरापर्यंत आल्या, पण दाढीकडे लक्ष गेल्यावर बाह्यांकडे कोण बघतो?) मग बाबांना घालायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी माझं संघाचं जाकीट घातलं, पाठीवर 'थिबोडो ३१' लिहिलेलं. तुम्हाला बाबा माहीतच आहेत. उंची पाच फूट पाच, गाल गुळगुळीत, आणि त्या दिवशी मुद्दाम केस कापून आलेले.

सात तास गाडी चालवून आम्ही पोचलो. दारात पायपर नावाची एक चुणचुणीत मुलगी हातात यादी घेऊन उभी होती. तिने बाबांच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "रेमी ना? चल, तुला सगळं दाखवते." आणि मला म्हणाली, "सर, पालकांची कॉफी डाव्या हाताला आहे." मी तोंड उघडेपर्यंत ती बाबांना घेऊन गेली होती. हातात यादी असलेल्या माणसाचं ऐकायचं, हा बाबांचा आयुष्यभराचा नियम. तिचाही दोष नाही. नंतर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, जादा वर्षाला येणारे सगळे मोठेच दिसतात, गेल्या वर्षीच्या एकाला टक्कल होतं. प्रशिक्षक हॉब्सन यांनीही बाबांशी हात मिळवला, कागदावर उंची सहा फूट तीन बघितली, मग बाबांकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि सभ्यपणे म्हणाले, "गोलकीपर चपळ असला की झालं."

मी इकडे पालकांच्या खोलीत. आत्या, तिथून उठून सांगायला हवं होतं हे मला कळतं. पण तिथे दालचिनीचे रोल होते, आणि मी दोन खाल्ल्यावर 'मी पालक नाही' असं सांगणं मला बरं दिसेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा कसा आहे हो?" मी म्हटलं, बरा आहे, भूक फार. त्या म्हणाल्या, "भुकेचं काय सांगू? थोरला गेल्या वर्षी गेला, मी अजून दुधाच्या चार बाटल्या आणते आणि दोन ओतून देते." पलीकडे भारी कोटातले एक गृहस्थ होते. ते म्हणाले की ते रोज संध्याकाळी मुलाच्या खोलीत बसून काम करतात, कारण तिथे इंटरनेट चांगलं चालतं. सगळ्यांनी मान डोलावली. कोणी त्यांना खोटं पाडलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही काय करणार, मिस्टर थिबोडो, तो गेल्यावर?"

मी म्हटलं, आम्ही गुरुवारी पत्ते खेळतो, क्रिबेज. ते म्हणाले, "आणि तो गेल्यावर?"

आत्या, या जादा वर्षाबद्दल मी तीन महिने विचार करत होतो. हॉकीचा केला, गणिताचा केला, टायची गाठ कशी मारायची याचा केला. तो गेल्यावर बाबा गुरुवारी काय करणार, हा विचार मी पहिल्यांदा तिथे केला, आणि तोही बाबा होऊन. मला एकदम रडू आलं. शेजारच्या बाईंनी कागदी रुमाल दिला आणि म्हणाल्या, "रडा हो, पहिल्या वर्षी फार जड जातं." मी माझ्याच विरहाने दाढीत रडलो.

जेवणाच्या वेळी बाबा भेटले ते खूश होते. म्हणाले, "फार चौकस लोक आहेत. आईबापांचीसुद्धा मुलाखत घेतात. चाळीस मिनिटं! माझ्या उणिवा विचारल्या." मग सगळा उलगडा झाला. प्रवेशाचं बघणाऱ्या मिसेस एल्ड्रिज लालबुंद झाल्या, माझी घाईघाईने दहा मिनिटं मुलाखत घेतली आणि आम्ही परत सात तास गाडी चालवली. वाटेत बाबा एकदाच बोलले, "खाणं चांगलं होतं."

मी विषय संपला असं धरून चाललो होतो. पण गेल्या आठवड्यात प्रवेश दिल्याचं पत्र आलं. सोबत मिसेस एल्ड्रिज यांच्या हातची चिठ्ठी: "तुझ्या दहा मिनिटांवरून आमचा निर्णय झाला नसता. तुझ्या वडिलांच्या चाळीस मिनिटांवरून झाला. हा कागद तुझ्याकडे असावा." तो त्यांच्या टिपणांचा कागद होता. बाबांना मी अजून दाखवलेला नाही, तुमच्यासाठी उतरवतो.

शाळेत का यावंसं वाटतं? 'मला दहावीतून गिरणीत जावं लागलं. राहायला मिळालं असतं तर राहिलो असतो.' (समासात मिसेस एल्ड्रिज: 'कष्टाळू.')

घरचं काय आठवेल? 'स्वयंपाकघरात वाटेत पसरलेले लांब पाय. रोज अडखळतो, रोज ओरडतो.' कोणाचे पाय? 'मुलाचे.' (समासात: 'उमेदवाराला मुलगा आहे???' तीन प्रश्नचिन्हं, तिसरं कागद फाडून आरपार गेलेलं.)

स्वतःतली मोठी उणीव? 'मोजताना चुकलो तरी कबूल करत नाही. त्यापायी बहीण गेली.' (समासात: 'शोकग्रस्त. हळुवारपणे घ्यावे.')

म्हणजे आत्या, थॉर्नविक हिलमध्ये तुम्ही वारलेल्या आहात. मी अजून दुरुस्ती कळवलेली नाही.

बाबा तोंडाने सारखं "जा, जा" म्हणतात. इतकं म्हणतात की एखाद्याला हाकलल्यासारखं वाटावं. गेल्या गुरुवारी म्हणाले, "आज तू बूशारांकडे जेव, मी सराव करतोय." कसला सराव ते सांगेनात. मी विसरलेले हातमोजे घ्यायला परत आलो तर खिडकीतून दिसलं. त्यांनी एकच ताट मांडलं होतं, कुट्टूच्या पिठाची दोनच घावनं घातली होती, खाऊन ताट धुतलं आणि मग पत्ते दोघांचे वाटले. एकाचे पत्ते इकडे बसून खेळायचे, उठून पलीकडच्या खुर्चीत बसून दुसऱ्याचे. (पलीकडची खुर्ची म्हणजे तुमची, खिडकीजवळची. माझी नव्हे, मी स्टोव्हपाशी बसतो.) मला हसू आलं आणि मग बिलकुल आलं नाही. हातमोजे न घेताच गेलो.

तर आता तुम्हीच सांगा, जावं की राहावं. मला जायचं आहे, हे खोटं कशाला बोलू? पण बाबांना असा सराव करायला लावून जायचं नाही, हेही तितकंच खरं. बाबा सकाळी कामाला जाताना हे पत्र टाकतील, म्हणून रात्रीच पुरं करतो. गुडघ्यांची काळजी घ्या. मांजराला माझा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
रेमी

ता. क. वर सल्ला हवा आहे असं लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. तुम्ही दर गुरुवारी बाबांकडे क्रिबेज खेळायला याल का? बारा वाजता बस आहे, ती आमच्या दारात थांबते.

ता. क. २. या पाकिटात आणखी एक पाकीट आहे, शाळेच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं. त्यात माझा होकार आहे. गुरुवारी येणार असाल तर ते टपालात टाका. नसाल तर तुमच्या चुलीत टाका, मी काही विचारणार नाही. रिंकवर बर्फ घासायला माणूस हवाच आहे.

ता. क. ३. सहा वर्षांपूर्वीच्या त्या क्रिबेजच्या डावात तुमचे गुण बारा होते की दहा, यावर मी काही बोलणार नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि टेबलाखाली होतो. पण बाबांनी गणिताच्या शिक्षिकेची खुंटी गुण मोजायच्या बोर्डावर दोन भोकं मागे ओढणं चूकच होतं.

(याखाली जाड पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात:)

क्लोतिल्ड, पाकीट चिकटवलेलं नव्हतं. बारा होते. मला तेव्हाच माहीत होतं. पोराचं पत्र टपालात टाक. गुरुवारी दोन ताटं मांडतो. आर्मांड.