डावीकडची लाल घरं

पिपलानी, भोपाळ
१३ नोव्हेंबर २०२२

ती. इंदुवन्सं,
सुधाचा नमस्कार.

सांडगे पोचले, एकही तुटला नाही. इथे थंडी पडू लागली आहे. क्वार्टरमागच्या पेरूला यंदा फळं फार आलीत.

यांची तब्येत खरोखर सुधारते आहे. 'खरोखर' मुद्दाम लिहिलं, कारण इतके दिवस फोनवर मी जे "बरं आहे" म्हणत होते, ते खरं नव्हतं.

जुलैत अर्धांगाचा झटका आल्यावर हातपाय लवकर हलायला लागले, तेवढंच तुम्हाला सांगितलं. पण यांच्यासाठी डावी बाजू उरलीच नव्हती. डोळे ठीक, मेंदूच तिकडे लक्ष देत नव्हता. दाढी अर्ध्याच गालाची करायचे. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच, आणि विचारायचे, "आज चटणी नाही केलीस?" डॉक्टर म्हणाले, डावीकडे बघायची सवय लावा. मी दिवसभर "डावीकडे बघा" करायची आणि हे चिडायचे, "बघतोच आहे ना!"

दिवाळीला अलका बंगळुरूहून आली ती आपला व्हिडिओ गेम घेऊन. बेसबॉलचा. मला रागच आला. वडील आजारी, आणि ही खेळत बसते! पण तिसऱ्या दिवशी हेच तिच्या शेजारी जाऊन बसले. सदतीस वर्षं कारखान्यात टर्बाइनची थरथर मोजलेला माणूस. पडद्यावर मोजण्यासारखं काही दिसलं की राहवतं कुठे?

मलाही आता तो खेळ कळतो. फलंदाजापुढे हवेत नऊ घरांची एक चौकट दिसते. ज्या घरातला चेंडू तो जोरात मारतो ते घर लाल, जिथे चुकतो ते निळं. शिवाय चेंडू सुटायच्या आधी, तो कसला असेल आणि कुठे येईल, याचा अंदाज बांधायचा. बरोबर निघाला तर जागेची खूण आधीच दिसते. चुकला की मदत नाही.

"बाबा, लाल घरात येईल तोच मारा," अलका म्हणाली.

"लाल आहे कुठे? सगळी निळीच तर आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या खेळाडूची लाल घरं सगळी डावीकडे होती. पोरगी हुशार. "तीन आहेत, शोधा," एवढंच म्हणाली.

यांनी मान वळवली. थांबले. आणखी वळवली. "अरे, ही काय!"

वन्सं, मी दारातून बघत होते. जुलैनंतर पहिल्यांदाच हे न चिडता डावीकडे वळले होते.

मग रोज दुपारी तेच. एकदा म्हणाले, "हा गडी अडचणीत आला की वेगवान चेंडूच टाकतो, आणि तोही अंगाजवळ. बघ आता." तसा अंदाज लावला, डावीकडे खूण उमटली आणि यांनी चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला. "क्या मारा, बाबा!" अलका ओरडली. जाताना ती यंत्र इथेच ठेवून गेली. परवा हे दोन्हीकडे नीट बघून एकटे रस्ता ओलांडून बागेत गेले. मी मागून चालत होते, त्यांना न कळू देता.

आता जे टाळत आले ते. सप्टेंबरात तुम्ही तिकीट काढलं होतंत, आणि मी "डॉक्टरांनी पाहुणे नकोत म्हटलंय" असं सांगितलं. ते खोटं होतं. आदल्या आठवड्यात यांनी पुन्हा चटणीचं विचारलं, आणि मी यांच्या हातावर फाडकन मारलं. दुखणं काय आहे ते मला ठाऊक होतं, तरी मारलं. तुम्ही आलात तर हे तुम्हाला सांगतील, या भीतीने तुम्हाला थांबवलं. आईमागे तुम्हीच यांना वाढवलंत. तुम्हाला तोंड कसं दाखवणार होते?

काल मी यांच्यापुढे सगळं बोलले. हे म्हणाले, "आठवतंय मला. तू थकली होतीस. पण ताईला थांबवलंस ते चुकलं. लिही तिला."

म्हणून हे पत्र. मन फार हलकं झालंय. तुम्ही या, वन्सं. रागवायचं असेल तर समोर बसून रागवा; ऐकून घेईन. फक्त याच.

तुमच्यापासून आता काही न लपवणारी,
सुधा