एका फरशीची बाग

९ मे

मिझोगुचीसान पडले! स्टुलावरून, वेलीसाठी दोरी बांधताना — आणि वेल अजून लावलेलीसुद्धा नाही. मांडीचं हाड मोडलं. मी समोरच्या खिडकीत बाही टाचत बसले होते, सगळं डोळ्यांसमोर झालं. स्ट्रेचर आत येईना इतकी आमची गल्ली अरुंद. शेवटी कुंड्यांच्या वरून उचलून न्यावं लागलं. आणि त्यावर आडवा पडलेला हा माणूस काय म्हणाला? "सुमिएसान, कुंड्यांना धक्का लावू नका म्हणावं."

मला रडायला आलं आणि हसायलाही.

११ मे

इस्पितळात जाऊन आले. सप्टेंबरपर्यंत सुटका नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हाड सावकाशच जुळायचं. उशीखालून कागद काढून माझ्या हातात दिले. चार पानं, दोन्ही बाजूंनी, त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. पाणी किती, ऊन किती, शेंडा कधी खुडायचा, वादळ आलं तर कुठली कुंडी आधी घरात घ्यायची. जन्मभर चटया विणलेला माणूस. एक काडी इकडची तिकडे नाही.

गारवेलीची ही एकच जात ते एक्केचाळीस वर्षं राखून आहेत. गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या म्हाताऱ्या मालकांनी मरायच्या आधी बिया हातात दिल्या होत्या, "ही संपू देऊ नकोस" म्हणून. बाजारात मिळत नाही ती. दुसऱ्या कुणाकडे नाही.

"पुडी अख्खी रिकामी करा. एकही बी मागे ठेवू नका." दोनदा म्हणाले.

मासेवाल्या तात्सुकोसान थर्माकोलच्या खोक्यांत काकड्या पिकवतात, वांगी पिकवतात. त्यांना सोडून मला सांगितलं! मी आजवर कुणाच्या कुंडीत तांब्याभर पाणी घातलेलं नाही. घरी येताना ट्रामचे दोन थांबे पुढे जाऊन उतरले. इतकी तरंगत होते.

१५ मे

चव्वेचाळीस बिया. प्रत्येकीची पाठ कानशीने जराशी घासायची, म्हणजे पाणी आत शिरतं. बोटाच्या पेरावर काळा ठिपका धरून बसले होते. किमोनोची गिऱ्हाइकं वाट पाहतायत. पाहू देत.

२४ मे

आली!! बेचाळीस आली. पहाटे कागदी पेल्यांची रांग पाहायला उकिडवी बसले आणि पायाला मुंग्या येईस्तोवर उठले नाही. बहुतेकांची पहिली दोन पानं रुंद, सरळ, गारवेलीची असतात तशी. पण काहींची बारीक, चिरल्यासारखी, गवताच्या काडीएवढी. पान दोनवर लिहिलंय — "वेगळी दिसतील ती ठेवा."

वेगळी मोजली. अकरा!

गल्लीचा नियम असा की भिंतीपासून एक फरशी, त्यापुढे कुणाचीही कुंडी येता कामा नये. सायकल जायला हवी, म्हातारी माणसं जायला हवीत. त्या एका फरशीवर मिझोगुचीसानांच्या दाराशी सात कुंड्या मावतात आणि माझ्या दाराशी चार. जागेला बरोबर पुरतील इतकीच उगवली शहाणी.

२८ मे

उरलेली एकतीस आज काढली. सुताच्या कात्रीने, एकेक. जास्तीचं कापड कापताना माझा हात कधी थरथरत नाही, आजही नाही थरथरला. दुकानाच्या दारातून तात्सुकोसान ओरडल्या, "अहो, जिवंत आहेत ती! मला तरी द्यायची!" मी म्हटलं, तुमच्या काकड्यांनाच आधी पाय पसरायला जागा आहे का? तर म्हणे, "किमोनोवाल्यांचं काळीज कात्रीचंच असतं."

सगळी टोपलीत भरून कचरागाडीला दिली. फरशी कशी नीटनेटकी दिसतेय.

१६ जून

पाऊस. शिवण. पाऊस. वेली काठ्यांना धरून चढतायत, इतक्या बारीक की हिरव्या दोऱ्याने कुणी हवेत टाके घालत असावं.

२९ जून

हल्ली चारला जाग येते. एकोणीस वर्षं मी या गल्लीत राहते, आणि रोज पहाटे समोर झारीचा आवाज व्हायचा तेव्हा कूस बदलून पुन्हा झोपायचे. आता झारी माझ्या हातात. उजाडायच्या आधी गल्लीला रंग नसतो. घरं पाण्याखाली असल्यासारखी दिसतात, मीही कुठेतरी तळाशी बसलेय असं वाटतं. मग वरच्या तारांमधून थोडं आभाळ दिसायला लागतं, कुणाच्या तरी घरात भाताचं झाकण वाजतं, आणि मी वर येते.

त्यांनी हे सगळं एकट्याने पाहिलं इतकी वर्षं! कधी खिडकीवर टकटक केली असती तर?

१० जुलै

पहिलं फूल.

काय लिहू! मी समोर बसलेली असताना उमललं. आधी गुंडाळलेल्या छत्रीसारखी कळी. मग ती सैल झाली. मी डोळे मिटले असतील, झोप लागली असेल क्षणभर, आणि उघडून पाहते तर पाकळ्या सुट्या झालेल्या. एकसंध कर्णा नाहीच, सगळ्या चिरत गेलेल्या, टोकाशी वळलेल्या, पाण्यात शाई सोडावी तशी निळी. वारा नव्हता तरी हलत होतं. ते हलत होतं की मी, कोण जाणे.

दहा वाजता मिटलं. मी दिवसभर एकही सरळ टाका घातला नाही.

१३ जुलै

इस्पितळात फोटो घेऊन गेले. मिझोगुचीसानांनी खूप वेळ पाहिले. "छान आलीत." मग फोटो पालथे ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "उत्तरेला आत्ता गारवा असेल." त्यांची मुलगी मिनाको तिकडे असते, हाकोदातेला. दर उन्हाळ्यात बोलावते. हे जातात ते नव्या वर्षाला, बर्फात, तीन दिवस.

मी म्हटलं, बरे व्हा आधी.

परत येताना मनाशी ठरवलं — सप्टेंबरमध्ये ते आले की पहाटे दोन स्टुलं टाकायची. एक त्यांच्या दाराशी, एक माझ्या. मध्ये बोलायला फार जोर लावावा लागणार नाही.

१९ जुलै

संपलं सगळं.

सकाळी एक गृहस्थ आले, गोल टोपी घातलेले. कुणाकडून तरी ऐकून चार स्टेशनं ओलांडून आले होते. तेही असल्या वेली वाढवतात. गुडघे टेकून एकेक फूल पाहिलं, टोपी काढली. मग सहज विचारलं, "आणि यांच्या साध्या बहिणी कुठे ठेवल्यात? गच्चीवर?"

कुठल्या बहिणी?

"साध्या पानांच्या. या फुलांना बी धरत नाही ना. जात असते ती साध्यांच्या पोटात. त्यातली तीन-चार राखायची, त्यांच्या बिया पुढच्या वर्षी पेरायच्या, मग त्यातून पुन्हा अशी काही निघतात." माझं तोंड पाहून थांबले. "थोड्या बिया मागे ठेवल्या असतीलच तुम्ही."

पुडी अख्खी रिकामी करा.

ते वाकून नमस्कार करून गेले. मी दार लावून घेतलं. चारही पानं पुन्हा वाचली, पालथी-उताणी, भिंगातून. साध्या रोपांबद्दल एक अक्षर नाही. त्यांना वाटलं असणार, एवढं तर कुणालाही कळतं! एक्केचाळीस वर्षं, त्याआधी न्हाणीघरवाल्यांची किती कोण जाणे — आणि मी एका दुपारी कात्रीने संपवलं. फरशी नीटनेटकी दिसावी म्हणून!

२० जुलै

फुलं आली. आठ. मोजली, पाहिली नाहीत.

२७ जुलै

इस्पितळात गेले. सांगणार होते. "कशी आहेत?" त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, छान आहेत. "सगळीच?" "सगळीच," मी म्हटलं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शाळकरी पोरीसारखं खोटं बोलले. त्यांनी बियांचं विचारलं नाही. इतका विश्वास! त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट

तात्सुकोसानांच्या काकडीच्या खोक्यात एक गारवेल चढलीय! गॅसच्या मीटरमागे. साधी, रुंद पानांची. त्या दिवशी टोपलीतून एखादं रोप सांडलं असेल का? तात्सुकोसान दुकानात होत्या. मी वेलीपाशी वाकून इतकी हळू बोलले की लोकांनी पाहिलं असतं तर इस्पितळात दुसरी खाट लागली असती.

५ ऑगस्ट

रोज तीनदा पाणी. जरा सावली धरली. तात्सुकोसान म्हणतात, "माझ्या काकड्यांवर एवढी माया कधीपासून?"

११ ऑगस्ट

स्वप्न पडलं. गल्लीत गुडघाभर निळं पाणी, कुंड्या होडग्यांसारख्या तरंगतायत. मिझोगुचीसान दारात उभे, पाय अगदी धड. मी एकेक कुंडी धरून त्यांच्याकडे ढकलतेय आणि ते हसत हसत पुन्हा माझ्याकडे ढकलतायत. इतकी सुखात होते की जाग आल्यावर बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

१४ ऑगस्ट

मीटरमागची वेल फुलली. जांभळी, पांढऱ्या काठाची, ताटलीएवढी मोठी. तात्सुकोसान म्हणाल्या, "आली का! साबणाच्या पुड्यावर बी फुकट मिळालं होतं, मी आपलं टोचून दिलं होतं."

मी त्यांच्या दुकानातच रडले. बर्फात मांडलेल्या माशांसमोर! त्यांनी हातातली सुरी ठेवली, एक बांगडा बांधून दिला. मग मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जत्रेत मिळतात तसल्या दोन साध्या वेली आणून ठेवा कुठेतरी. बहिणी म्हणून खपतील."

विचार करते.

१७ ऑगस्ट

दोन दिवस विचार केला. नाही आणणार. पान पाहून ओळखतील, आणि ओळखून गप्प बसतील. ते मला सोसणार नाही.

६ सप्टेंबर

मिझोगुचीसान घरी आले. काठी घेऊन, पण स्वतःच्या पायांवर. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी श्वास घेतला. अकराही वेली दमल्या आहेत आता, तरी दोन फुलं होती. त्यांनी हात लावला नाही.

मी नाशपाती कापून नेली. बसायच्या आधीच सांगून टाकलं, उभ्यानेच, शिवणाचं गिऱ्हाईक चुकीचं माप सांगतं तसं भराभर. साधी सगळी मी कापली. एकतीस. एकही राहिलं नाही. बी नाही. जात संपली. माझ्या हातून.

बाहेर सायकलची घंटी वाजली.

"बरं," म्हणाले. मग, "नाशपाती गोड आहे."

बरं?? मी काय ऐकण्याची तयारी करून गेले होते, आणि बरं! घरी येऊन उशीत तोंड घालून पडले. इतकं दुःख झालंय त्यांना की शब्दच फुटत नाही.

१२ सप्टेंबर

पहाटे मी दोन्ही स्टुलं मांडली. समोरचं दार बंद. पाच, सहा, सात. आठला मी घाबरून दार ढकललं. घोरत होते! अगदी लहान पोरासारखे, पांघरूण लाथाडून.

१३ सप्टेंबर

आजही आठ.

२१ सप्टेंबर

शेवटचं फूल. ते आज उठले होते. दोन स्टुलांवर आम्ही दोघं, मध्ये हातभर गल्ली. निळा रंग फिका झालाय, पाकळ्या आखूड. दोघांनीही ते मिटेपर्यंत पाहिलं. चहा तिथेच प्यालो. ते म्हणाले, "पहिल्यांदाच कुणाबरोबर पाहतोय." मी कप धुवायला घेऊन गेले.

आज मला खरंच वाटलं, की पुढच्या उन्हाळ्यात काहीच फुललं नाही तरी चालेल. स्टुलं आहेत ना!

८ ऑक्टोबर

मिनाको आलीय. मिझोगुचीसान तिच्याबरोबर हाकोदातेला चाललेत, कायमचे. चटया शिवायची मोठी सुई माझ्या हातात ठेवत म्हणाले, "तुम्हाला उपयोगी पडेल." जे अडीच महिने मनात डाचत होतं तेच मी विचारलं — चार पानं भरून लिहिलंत, ती एक गोष्ट लिहायला कसे विसरलात?

"विसरलो नव्हतो," म्हणाले.

मी सुई खाली ठेवली.

"न्हाणीघरवाल्यांना शब्द दिला होता, म्हणून एक्केचाळीस उन्हाळे इथून हललो नाही. माझ्या हाताने ती कापवली नसती. दुसऱ्याला द्यावी, तर त्याचेही उन्हाळे गेले असते. आणि तुमच्या हातून गेली, तर मला राग येणार नाही हे ठाऊक होतं." मग त्यांनी वाकून नमस्कार केला, कंबर अजून दुखते तरी खाली, खूप खाली. "तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

लबाड म्हातारा!! इतकी चिडले की ते गल्लीच्या बाहेर पडतात न पडतात तोच त्यांच्या सातही कुंड्या उचलून माझ्या दारात आणल्या. एका फरशीऐवजी दोन फरशा अडवून मांडल्या. तात्सुकोसान म्हणाल्या, "नियम आहे हो!" मी म्हटलं, असू दे. पातीचा कांदा लावणार आहे.